भूदेवी

भूदेवी : पृथ्वीची अधिष्ठात्री देवता. भूमी, मही, धरित्री, वसुंधरा, क्षमा, मेदिनी ही तिची अन्य नावे होत. ‘पृथ्वी’ म्हणजे विस्तीर्ण, ‘वसुंधरा’ म्हणजे धन धारण करणारी, ‘क्षमा’ म्हणजे सहन करणारी. आणि मधु व कैटभ या दैत्यांच्या मेदाने माखली म्हणून ‘मेदिनी’, अशी या नावांची व्युत्पत्ती परंपरेने दिली जाते. एकाच देवतेच्या नावांत विस्तार, वैभव, सोशिकता व रक्तपाताची स्मृती या गोष्टी एकत्र आल्या आहेत. भूदेवीला वैष्णव मंदिरांत श्रीदेवीबरोबर विष्णूच्या पत्नीचे स्थान मिळाले. परंतु तिच्या उपासनेचा खरा विस्तार मंदिराबाहेर, म्हणजे शेताच्या बांधावर, वारुळापाशी, पाणवठ्यावर व देवराईत झालेला आहे. शाक्त तत्त्वज्ञानातील आदिशक्तीची कल्पना आणि ग्रामीण समाजातील भूमिपूजा यांचा संबंध हा भारतीय धर्मेतिहासातील एक महत्त्वाचा विषय होय.

प्राचीनता : भूमीला मातृरूप मानण्याची कल्पना लिखित साहित्यापूर्वीची असावी. हडप्पा येथे सापडलेल्या एका मुद्रेवर अधोमुख स्त्रीच्या गर्भस्थानातून रोप वर आलेले दिसते. जॉन मार्शल यांनी ती भूमाता असल्याचे मत मांडले होते. तथापि सिंधू लिपीचे वाचन सर्वमान्य न झाल्याने हा निष्कर्ष संभाव्यच मानावा लागतो. महाराष्ट्रापुरता अधिक निश्चित पुरावा पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत मिळाला आहे. तेथे इ. स. पू. सु. १३०० च्या थरात मातीच्या झाकणदार पात्रात ठेवलेली शिरोहीन स्त्रीमूर्ती व तिच्यासोबत बैल आढळला. हे पात्र घराच्या जमिनीखाली पुरलेले होते. शेतीवर जगणाऱ्या या लोकांनी देवतेला घरातील जमिनीच्या पोटात जागा दिली, ही गोष्ट लक्षणीय आहे. पुढे ऐतिहासिक काळात तेर, नेवासे, भोकरदन व दक्षिणेत आलमपूर, नागार्जुनकोंडा इ. ठिकाणी मिळालेल्या लज्जागौरीच्या मूर्तींतही मस्तक नाही, किंवा त्याच्या जागी कमळ आहे. इनामगावची मूर्ती व लज्जागौरी यांच्यामध्ये हजारांहून अधिक वर्षांचे अंतर असल्याने त्यांची परंपरा अखंड असल्याचे सिद्ध करता येत नाही; पण मस्तक गौण आणि प्रसवक्षमता मुख्य, हा दोहोंमागील विचार सारखाच दिसतो. रा. चिं. ढेरे यांनी लज्जागौरी (१९७८) या ग्रंथात या मूर्तींचा संबंध वारूळ, पूर्णकुंभ व रेणुका यांच्याशी जोडून दाखविला आहे.

वैदिक साहित्य : ऋग्वेदात पृथ्वी बहुधा द्यौ या आकाशदेवतेच्या जोडीने येते. ‘द्यावापृथिवी’ या युग्माला अनेक सूक्ते अर्पण केली आहेत. एकट्या पृथ्वीला मात्र पाचव्या मंडलात अवघ्या तीन ऋचांचे एक सूक्त लाभले आहे. दहाव्या मंडलात अरण्यानी या वनदेवतेचे सूक्त आहे. नांगरणी न करताही विपुल अन्न देणारी, पशूंची माता, सायंकाळी चाहूल देणारी पण दृष्टीस न पडणारी असे तिचे वर्णन आहे. त्यात भीती व आपुलकी यांचे जे मिश्रण आहे, ते अरण्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाचे आहे. याच मंडलातील वाक्सूक्तात देवी स्वतः प्रथमपुरुषात बोलते व सर्व देवांना आपण धारण करतो असे सांगते; शाक्तांनी पुढे हे सूक्त ‘देवीसूक्त’ म्हणून आपलेसे केले.

भूमीविषयीचे सर्वांत समृद्ध वैदिक काव्य अथर्ववेदाच्या बाराव्या कांडात आढळते. त्रेसष्ट मंत्रांच्या या भूमिसूक्तात सत्य, ऋत, तप व यज्ञ यांनी पृथ्वी धारण केली आहे, असे आरंभीच म्हटले आहे. येथील भूमी ही केवळ रूपक नाही. तिच्यात काळी, तांबडी व पिंगट माती आहे. तिच्यावर रात्रंदिवस वाहणारे पाणी, तांदूळ व जव, गाई व घोडे, तसेच साप, विंचू व हिंस्र श्वापदेही आहेत. निरनिराळ्या भाषा बोलणारे व निरनिराळे आचार पाळणारे लोक तिच्यावर एका घरात राहावेत तसे राहतात, असा उल्लेख त्यात येतो. कवी स्वतःला तिचा पुत्र म्हणवतो. या सूक्तातील एक मंत्र विशेष विचारात घेण्याजोगा आहे : आपण भूमीत जे खणू ते सत्वर भरून यावे आणि आपल्या हातून तिच्या मर्मस्थानी घाव बसू नये, अशी त्यात प्रार्थना आहे. म्हणजे खणण्याचे कर्म टाळलेले नाही. ते करावे लागते, परंतु त्यात इजा आहे याची जाणीव आहे. भूमीशी असलेल्या माणसाच्या नात्यातील हा पेच भारतीय परंपरेने इतक्या लवकर ओळखला होता, हे या सूक्ताचे खरे महत्त्व होय. पृथ्वीस्तुती म्हणून त्याचा गौरव करताना या मंत्राकडे बहुधा दुर्लक्ष होते.

ऋग्वेदाच्या परिशिष्टांतील श्रीसूक्तही या संदर्भात पाहिले पाहिजे. आज श्री म्हणजे लक्ष्मी ही सुवर्णाची व नाण्यांची देवता समजली जाते. परंतु या सूक्तात ती ‘करीषिणी’ म्हणजे शेणखताने समृद्ध अशी आहे, कर्दम म्हणजे चिखल हा तिचा पुत्र आहे व बिल्व हा तिचा वृक्ष आहे. संपत्तीची ही कल्पना सुपीक जमिनीवर उभी आहे. ऋग्वेदात नांगराच्या तासाची देवता म्हणून येणारी सीता हे याच परंपरेचे दुसरे उदाहरण होय. कौटिलीय अर्थशास्त्रात राजाच्या मालकीच्या शेतीला ‘सीता’ आणि तिच्यावरील अधिकाऱ्याला ‘सीताध्यक्ष’ म्हटले आहे. रामायणात जनकाला नांगरताना सापडलेली सीता अखेरीस भूमीतच लुप्त होते.

पुराणांतील भूदेवी : शतपथ ब्राह्मणात एमूष नावाच्या वराहाने पृथ्वी वर काढल्याची कथा आहे. पुराणांत तो वराह विष्णूचा अवतार झाला. मध्य प्रदेशात विदिशेजवळ उदयगिरी येथे गुप्तकाळात, इ. स. पाचव्या शतकाच्या आरंभी, कोरलेल्या भव्य शिल्पपटात वराहाच्या दाढेला धरून भूदेवी वर येताना दाखविली आहे. उद्धारकर्ता विराट आणि उद्धरलेली देवी लहानखुरी, ही त्या पटाची रचना राजसत्तेच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. राजा हा भूपती, महीपती म्हणजे भूमीचा पती, ही संज्ञा याच विचारातून रूढ झाली.

पृथू राजाची कथा या दृष्टीने विशेष बोलकी आहे. विष्णुपुराणानुसार वेन राजाच्या मृत्यूनंतर पृथ्वीने सर्व वनस्पती आपल्या पोटात ओढून घेतल्या व प्रजा उपाशी मरू लागली. पृथू धनुष्य घेऊन तिच्यामागे धावला. तिने गाईचे रूप घेतले, पण तिला कोठेही आश्रय मिळाला नाही. तेव्हा, स्त्रीवध हे पाप आहे आणि मला मारलेस तर प्रजेला आधार कोण देईल, असे तिने त्याला विचारले. अखेर समझोता झाला. पृथूने धनुष्याच्या टोकाने डोंगर बाजूला सारून जमीन सपाट केली, मनूला वासरू कल्पून धान्यरूपी दूध काढले व तेव्हापासून तिला पृथ्वी हे नाव पडले. या पूर्वी गावे, शेती व व्यापार नव्हते, असे पुराणकार स्पष्टपणे सांगतो. भटक्या जीवनाकडून नांगरशेतीकडे झालेल्या संक्रमणाचे हे कथारूप असावे. गाईला वासरू सोडूनच दुधासाठी पान्हा फुटतो आणि मर्यादेपलीकडे पिळले तर ती आटते, हे गोपालक समाजाला ठाऊक असलेले व्यवहारज्ञान या कथेत आहे. मात्र तिचा आरंभ रोखलेल्या बाणाने होतो, हेही विसरता येत नाही.

भूमी व स्त्री यांच्या समीकरणाची दुसरी बाजू धर्मशास्त्रात दिसते. मनुस्मृतीने स्त्रीला क्षेत्र व पुरुषाला बीज म्हटले आहे. क्षेत्राचा मालक असतो, त्याप्रमाणे स्त्रीचाही, असा त्यातून युक्तिवाद करता आला. देवी म्हणून भूमीचे पूजन आणि मालमत्ता म्हणून तिचा उपभोग या दोन्ही गोष्टी एकाच रूपकातून निघाल्या आहेत.

शाक्त सिद्धांत : भूमीच्या पूजेला सर्वव्यापी तत्त्वज्ञानाची जोड शाक्त संप्रदायाने दिली. सांख्य दर्शनात प्रकृती जड व पुरुष चेतन असून, प्रकृतीपासून वेगळे होणे म्हणजेच पुरुषाचा मोक्ष होय. मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्यात (सु. सहावे शतक) देवीलाच प्रकृती म्हटले, पण ती जड राहिली नाही. तीच महामाया, तीच विद्या, तीच जगाची उत्पत्ती व लय करणारी. या बदलाचा परिणाम दूरगामी झाला. दृश्य सृष्टी ही टाकून देण्याची वस्तू न राहता देवीचे शरीर ठरली. सौंदर्यलहरीत मन व पंचमहाभूते ही देवीच होय, असे प्रतिपादन येते. देवीभागवताच्या सातव्या स्कंधातील ‘देवीगीता’ या भागात हिमालयाला देवीच्या विराट देहाचे दर्शन घडते. ब्रह्मवैवर्त पुराणाच्या प्रकृतिखंडात दुर्गा, राधा, लक्ष्मी, सरस्वती व सावित्री या पाच प्रमुख प्रकृतींखाली गंगा, तुळस, षष्ठी, मनसा व वसुंधरा यांची व्यवस्था लावली आहे. पाण्याची, झाडाची, सापाची व बाळंतपणाची देवता एकाच कोष्टकात बसविण्याचा हा पुराणकारांचा प्रयत्न होता.

देवीमाहात्म्याच्या अकराव्या अध्यायातील शाकंभरीचे आख्यान येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. शंभर वर्षे अवर्षण पडेल तेव्हा आपण शंभर नेत्रांनी ऋषींकडे पाहू आणि पाऊस पडेपर्यंत आपल्या देहातून उगवलेल्या शाकभाज्यांनी लोकांचे पोषण करू, असे देवी सांगते. देवीभागवतात या नेत्रांतून अश्रुधारा वाहून पृथ्वी भिजल्याचे वर्णन आहे. दुष्काळाला भक्तांच्या पापाची शिक्षा म्हणून पाहणाऱ्या कथा पुष्कळ आहेत. येथे देवी शिक्षा करीत नाही, रडते. पावसाच्या अनिश्चिततेवर जगणाऱ्या दख्खनमध्ये ही देवी लोकप्रिय झाली यात नवल नाही. कर्नाटकातील बदामीजवळची बनशंकरी ही शाकंभरीचे रूप मानली जाते व महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांची ती कुलदेवता आहे. पौष शुद्ध अष्टमी ते पौर्णिमा या काळात शाकंभरी नवरात्र पाळतात व देवीला अनेक भाज्यांचा नैवेद्य दाखवितात.

वनस्पती हेच देवीचे रूप, ही कल्पना उत्सवांतूनही टिकली आहे. बंगालमधील दुर्गापूजेत केळ, अळू, हळद, जयंती, बेल, डाळिंब, अशोक, मानकंद व भात या नऊ वनस्पतींची ‘नवपत्रिका’ बांधून, तिला साडी नेसवून गणपतीशेजारी उभी करतात. मातीची मूर्ती मागाहून आली व पत्रिकेचे पूजन मूळचे, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. महाराष्ट्रात घटस्थापनेच्या दिवशी शेतातील काळी माती आणून तिच्यात धान्य पेरतात व दसऱ्याला त्याचे अंकुर पागोट्यात वा केसांत खोवतात. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण पाहण्याची रीत व हा विधी यांतील साम्य उघड आहे. कोकणात भाद्रपदात तेरड्याच्या रोपांची गौर आणतात, तर काही घराण्यांत पाणवठ्यावरून खडे आणून त्यांनाच गौरी म्हणतात.

लोकधर्मातील भूमी : पूर्व भारतात व तुळू प्रदेशात भूमीला ऋतुमती मानण्याची प्रथा आहे. आसाममध्ये कामाख्येच्या मंदिरात अंबुवाचीच्या वेळी तीन दिवस दार बंद ठेवतात व त्या काळात नांगरणी, खणणी वर्ज्य असते. ओडिशातील रज पर्व हे जूनच्या मध्यात, मिथुन संक्रांतीच्या सुमारास येते. त्यात स्त्रियांना घरकामातून सुटी मिळते, मुली झोपाळे खेळतात व शेवटी भूमीला स्नान घालतात. तुळू लोकांचा केड्डस हा सण याच स्वरूपाचा आहे. अन्यत्र अपवित्र ठरविलेली रजोधर्माची अवस्था येथे सुफलतेची पूर्वखूण म्हणून साजरी होते. महाराष्ट्रात नागपंचमीला जमीन नांगरू नये, काही चिरू वा कापू नये, असा दंडक आहे. तोही भूमीला विसावा देणाऱ्या व्रतांच्या याच वर्गात पडतो.

मराठी शेतकऱ्याच्या भाषेत गावाच्या दोन बाजू असतात : ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा आणि ‘काळी’ म्हणजे शेतजमीन. तिला तो ‘काळी आई’ म्हणतो. लातूर व धाराशिव या जिल्ह्यांत मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळा अमावास्येला, सगळे घर शेतात जाते. कडब्याच्या कोपीत देव मांडून पूजा होते व आंबिलीचा आणि भज्जीचा नैवेद्य दाखवून सर्वांनी तेथेच जेवावयाचे असते. या दिवशी गावे ओस पडतात. पुरोहिताची गरज नसलेला हा विधी कोणत्याही पुराणापेक्षा जुन्या समजुतीवर उभा असावा.

गोमंतक व सिंधुदुर्गातील सातेरीची उपासना भूदेवीच्या इतिहासाच्या दृष्टीने सर्वाधिक महत्त्वाची होय. अनेक ठिकाणी सातेरीची मूर्ती नसते. देवळाच्या गर्भागारात वारूळ असते व तीच देवी. गोव्यात वारुळाला ‘रोयण’ म्हणतात. वारूळ म्हणजे जमिनीने आपणहून वर केलेला उंचवटा. त्याच्या आत ओलावा असतो, नाग राहतो व मुंग्या-वाळवी अखंड प्रजा वाढवीत असतात. कालांतराने पुष्कळ ठिकाणी सातेरीचे शांतादुर्गेत रूपांतर झाले, वारुळावर मुखवटा चढला व पुढे पाषाणाची मूर्ती आली. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी मिथ अँड रिॲलिटी (१९६२) या ग्रंथात दख्खनमधील ग्रामदेवतांची स्थाने व प्राचीन भटक्या जमातींच्या वाटा यांचा संबंध सूक्ष्मास्त्रांच्या आधारे दाखविला. देवी शेतीच्या आधीपासून त्या जागी असेल, ही शक्यता त्यांच्या संशोधनामुळे पुढे आली.

निसर्ग हा लोकधर्मात केवळ वत्सल नाही. साती आसरा या जलदेवतांच्या शेंदूर लावलेल्या दगडांना पाणवठ्यावर पूजा मिळते. त्या बुडवतात, अशी भीतीही असते. शीतला ही देवीरोगाची देवता. रोग हाच तिचा संचार मानून त्यास ‘देवी येणे’ असे म्हणत. जगातून या रोगाचे निर्मूलन झाल्याचे १९८० मध्ये जाहीर झाले, पण शीतलेची पूजा थांबली नाही.

देवराया : देवीच्या नावाने राखलेली वने हे या श्रद्धेचे सर्वांत दृश्य फळ होय. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना देवराई अथवा देवरहाटी, कोडगूत देवरकाडू, केरळात कावू, राजस्थानात ओरण अशी त्यांना नावे आहेत. महाराष्ट्रात काळकाई, वाघजाई, झोलाई, सातेरी अशा देवतांच्या राया आढळतात. वि. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७०–८० च्या दशकात त्यांचे पद्धतशीर सर्वेक्षण केले आणि आसपासच्या टेकड्या उघड्या पडल्या असताना या लहान तुकड्यांत मूळच्या वनाचे अवशेष, प्रचंड वेली व अन्यत्र दुर्मिळ झालेले वृक्ष टिकल्याचे दाखवून दिले. अनेक रायांत झऱ्याचा उगम असतो. तेथील सुकी काटकी घेण्यासही देवीचा कौल लागे. झाड तोडणाऱ्याला देवी शासन करते, ही भीती कोणत्याही वनकायद्यापेक्षा परिणामकारक ठरली होती.

तथापि देवरायांच्या ऱ्हासाला केवळ श्रद्धेचा लोप कारणीभूत आहे, हे मत अपुरे आहे. काही ठिकाणी श्रद्धा वाढली म्हणूनच राई गेली. उघड्यावरील तांदळ्याला वा वारुळाला देऊळ हवे, जुन्या देवळाचा जीर्णोद्धार हवा, त्यासाठी लाकूड व पैसा हवा; तेव्हा देवीच्याच संमतीने कौल लावून देवीचेच वृक्ष तोडले गेले. ग्रामदेवतेचे पुराणातील दुर्गेशी तादात्म्य झाले की तिचे वास्तव्य रानाऐवजी गाभाऱ्यात मानले जाते आणि रान हे देवतेचे शरीर न राहता देवस्थानाची मालमत्ता होते. जमिनीच्या नोंदीत राया कोठे महसूल खात्याकडे, कोठे वनखात्याकडे, तर कोठे खाजगी नावावर गेल्याने गावाचा अधिकारही क्षीण झाला. राजस्थानातील ओरणांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या निकालात अशा वनांचे मोजमाप व नोंद करण्याचे आदेश दिले व देशव्यापी धोरणाची शिफारस केली.

नद्यांच्या बाबतीतही असाच विरोध दिसतो. ॲन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातील नद्यांच्या अभ्यासात (१९९५) नदीचे स्त्रीत्व, तिची ओटी भरण्याची रीत व संततीची आशा यांचा परस्परसंबंध उलगडला आहे. गंगा स्वतः पावन असल्याने तिला कोणी मलिन करू शकत नाही, अशी भाविकांची धारणा असते. पावित्र्य आणि स्वच्छता या त्यांच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे गाढ भक्ती व दूषित पाणी एकाच घाटावर नांदू शकतात. उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा व यमुना यांना कायदेशीर व्यक्ती ठरविले. जुलै महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली.

आधुनिक विचार : बंकिमचंद्रांच्या आनंदमठानंतर (१८८२) भूमाता ही मातृभूमी झाली, शेताच्या मातीची जागा देशाच्या नकाशाने घेतली. १९७३ मध्ये गढवालमध्ये सुरू झालेल्या चिपको आंदोलनानंतर देवीची कल्पना पर्यावरणविचारात आली. वंदना शिवा यांनी स्टेइंग अलाइव्ह (१९८८) या ग्रंथात प्रकृती व शक्ती यांच्या आधारे, निसर्गाचा व स्त्रीचा नाश एकाच विकासनीतीतून होतो, असे प्रतिपादन केले. यावर बीना अगरवाल यांनी १९९२ मध्ये आक्षेप घेतला. स्त्रियांचे निसर्गाशी नाते उपजत नसून जळण, चारा व पाणी आणण्याच्या श्रमांतून आणि जमिनीवरील हक्काच्या अभावातून ते घडते. जात, वर्ग व प्रदेश यांनुसार ते बदलते, असे त्यांचे म्हणणे आहे. भूमीला आई म्हणणाऱ्या समाजात सातबाराच्या उताऱ्यावर आईचे नाव बहुधा नसते, या वस्तुस्थितीमुळे हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. मात्र उत्तर कोकणापासून केरळापर्यंत आज जे देवरायांचे तुकडे उरले आहेत, ते राखणाऱ्यांपुढे यांपैकी कोणताही सिद्धांत नव्हता. तेथे पायताण बाहेर काढून आत जावे आणि काही न घेता परत यावे, एवढाच नियम होता.